मलाक्का, पायी

"सगळ्यांनी डावीकडून चला, उजवीकडे नदी आहे," शरयूताई म्हणाल्या आणि चौघंही मुकाट्यानं डावीकडे सरकले.

उजवीकडे नदीबिदी काही नव्हती. मोबाइलची कव्हरं विकणारी एक टपरी होती, तीही अजून कापड पांघरून झोपलेली. पण शरयूताईंनी नदी म्हटलं की नदी. पुण्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीत त्यांनी अठरा वर्षं टूर मॅनेजर म्हणून काढली होती. चाळीस-चाळीस माणसांची वरात सिंगापूर-मलेशियातून फिरवून, एकही माणूस न हरवता त्यांनी परत आणली होती. त्या आवाजापुढे भल्याभल्यांचे पाय आपोआप रांगेत पडत.

अमेरिकेतल्या रेडमंडपासून बसनं वीस मिनिटांवरचा हा मॉल दुकानं उघडायच्या तासभर आधी दारं उघडून ठेवतो. बाहेर जानेवारीतला चिवट, बारीक, कंटाळवाणा पाऊस. आत कोरडं आणि उबदार. म्हातारी माणसं इथे चालायला येतात. गोरे आजी-आजोबा पांढरे बूट घालून झपाझप फेऱ्या मारतात. आपले आजी-आजोबा स्वेटरवर स्वेटर चढवून, हातात नातवंडांच्या गाड्या ढकलत, रमतगमत निघतात. शरयूताईंच्या टोळीत नागपूरचे त्र्यंबकराव होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शंका काढण्यात पटाईत. ठाण्याच्या मालिनीताई होत्या, त्यांची ही अमेरिकेची पाचवी खेप. आणि साताऱ्याचं एक जोडपं होतं, ते सगळ्याला माना डोलवायचं. शरयूताईंच्या पुढ्यात गाडीत नऊ महिन्यांची नात, अहिल्या. तिला मलाक्क्यात काडीचा रस नव्हता, ती आपला मोजा चोखत असायची.

हे सुरू झालं ऑक्टोबरात. त्र्यंबकराव वैतागून म्हणाले होते, "काय बाप्पा, रोज तीच दुकानं, तेच बाक! जीव विटला माझा." त्यावर शरयूताई पटकन बोलून गेल्या, "मग चला मलाक्क्याला." तेव्हापासून मॉलच्या मधला कारंजा हा मलेशियातल्या मलाक्क्याचा लाल चौक झाला. डच लोकांनी बांधलेलं चर्च, घड्याळाचा मनोरा, सगळं विटकरी लाल. तिथून पूल ओलांडून, म्हणजे सरकता जिना चुकवून, जाँकर स्ट्रीट. कोपऱ्यावरच्या प्रेट्झेलच्या दुकानापाशी डाव्या हाताला वळलं की सोनारांची आळी.

"इथे घरं एकाला एक चिकटलेली," शरयूताई चालता चालता सांगत. "पुढे प्रत्येक घराला छप्पर घातलेली ओसरी. एकाची ओसरी संपली की दुसऱ्याची सुरू, त्यामुळे ऊन-पाऊस काही असो, छपराखालून गावभर चालता येतं. पण प्रत्येक घराची फरशी वेगळी आणि उंचीही वेगळी. म्हणून चढा, उतरा, चढा, उतरा. खाली बघून चाला!"

आणि मॉलच्या त्या आरशासारख्या सपाट फरशीवर साताऱ्याच्या काकू खरोखर पाय उचलून टाकत.

"गणपतीचं देऊळ कोणत्या बाजूला म्हणाल्या?" त्र्यंबकराव.

"उजवीकडे. त्याच रस्त्यावर पुढे मशीद, तिचा मनोरा देवळाच्या शिखरासारखा. आणि त्याच्या पुढे चिनी मंदिर. उदबत्त्यांचा धूर रस्त्यापर्यंत येतो."

"आन् त्याच्या पुढे?"

"पुढे मला माहीत नाही."

हे उत्तर त्र्यंबकरावांना पटत नसे. एक्केचाळीस वेळा गेलेली बाई, पुढचं माहीत नाही म्हणजे काय? पण खरी गोष्ट तशीच होती. टूरमध्ये मलाक्का म्हणजे तीन तास. बसमधून उतरायचं, लाल चौकात ग्रुप फोटो, फुलांनी मढवलेल्या सायकलरिक्षात बसून एक चक्कर, स्वयंपाकी महाराजांनी बांधून दिलेल्या पुऱ्या-बटाट्याची भाजी, माणसं मोजायची आणि पुन्हा बसमध्ये. शरयूताई मलाक्क्यात एक्केचाळीस वेळा गेल्या आणि एकदाच चालल्या. त्या वेळी बस बिघडली होती, प्रवासी हॉटेलच्या लॉबीत चहा पीत बसले होते आणि ताईंना आयुष्यात पहिल्यांदा चार तास मोकळे मिळाले होते. कुणाची बॅग नाही, कुणाच्या गोळ्या नाहीत. त्या नुसत्या चालत सुटल्या. चिनी मंदिराच्या पुढे एक बोळ होता. एक म्हातारा दारात बसून लाकडी खडावा तासत होता आणि बोळाच्या टोकाला नदीचं वळण दिसत होतं. त्या वळणाकडे निघणार तोच ड्रायव्हरचा फोन आला, बस दुरुस्त झाली. त्या परत फिरल्या. मॉलमधला सगळा मलाक्का त्या चार तासांतला होता.

कंपनीत त्या पंधरा वर्षं घसा कोरडा करत होत्या, की नुसत्या मलाक्क्याची, पाच दिवसांची, पायी टूर काढा. बस नको, गडबड नको. मालक हसायचे. म्हणायचे, आपल्या माणसाला पाच दिवसांत चार देश लागतात, ताई. आता मालक गेले होते आणि कारभार रत्नाकडे आला होता. रत्ना म्हणजे शरयूताईंची जुनी सहकारी, एकाच खोलीत राहून दोघींनी कितीतरी टूर केल्या होत्या. गेल्या सोमवारी तिचा फोन आला.

"शरू, तुझी टूर काढली! आठ फेब्रुवारी. बावीस बुकिंग झालीत, तुझ्या नावावर झालीत. तू सोळा जानेवारीला परत येतेयस ना?"

शरयूताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? अगं, ऐकतेयस ना? तू नसशील तर मला कॅन्सल करावी लागेल, दुसरं कुणी पाच दिवस पायी फिरवायला तयार नाही. आणि एकदा कॅन्सल झाली की पुन्हा कोण विश्वास ठेवतंय? शनिवारी सकाळपर्यंत सांग. सकाळी मला हॉटेलवाल्याला कळवायचंय."

शनिवार सकाळ पुण्यातली. म्हणजे रेडमंडमधली शुक्रवार संध्याकाळ.

अडचण अशी होती की सोळा जानेवारीचं तिकीट आता नव्हतं. डिसेंबरात एकदा यशोधननं, म्हणजे त्यांच्या मुलानं, लॅपटॉप पुढे सरकवून म्हटलं होतं, "आई, इथे सही कर. तुझा स्टे एक्स्टेंड करतोय." ताईंनी केली. अठरा वर्षं लोकांकडून न वाचता सह्या घेतलेल्या बाईला एक सही करताना काय वाटणार! दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, तिकीट कॅन्सल केलं. आणि रत्नाच्या फोननंतर ताईंनी विषय काढला, तेव्हा तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "आई, अॅप्लिकेशन पेंडिंग आहे. पेंडिंग असताना कंट्री सोडता येत नाही. डिसिजन यायला मे-जून होईल." विषय संपला. सरकारच्या पुढे आईनं काय बोलायचं?

पासपोर्टही यशोधनकडेच होता. तोही ताईंनी आपल्या हातानं दिला होता. जुलैत सिअॅटलच्या विमानतळावर उतरल्या, गाडीत बसल्या, आणि पर्समधून पासपोर्ट काढून त्यांनी मुलाच्या हातात ठेवला. टूरचा पहिला नियमच तो: विमानतळाबाहेर पडलं की सगळ्यांचे पासपोर्ट मॅनेजरकडे जमा. हजारो पासपोर्ट त्यांनी कमरेच्या पाऊचमध्ये घातले होते. इथे मॅनेजर यशोधन, त्यामुळे त्यांनी जमा केला, इतकं साधं. त्या वेळी तो हसला होता आणि त्यांनाही बरं वाटलं होतं, की चला, आता काही सांभाळायचं नाही.

तर आज शुक्रवार होता. सोनारांच्या आळीतून परत फिरून सगळे कारंज्याजवळच्या बाकावर बसले. कुणी थर्मास उघडला, कुणी डब्यातले शंकरपाळे काढले. शरयूताईंनी अहिल्याला दूध पाजता पाजता टूरची हकिगत सांगितली. संध्याकाळी रत्नाला नाही म्हणणार, हेही सांगितलं. बोलताना आवाज नेहमीचाच ठेवला होता.

"नाही का म्हणणार?" मालिनीताईंनी विचारलं.

"एक्स्टेन्शन पेंडिंग आहे ना. निकाल लागेपर्यंत देश सोडता येत नाही."

"कोण म्हणतं?"

"यशोधन."

मालिनीताईंनी शंकरपाळा डब्यात परत ठेवला. "अहो, काहीतरीच काय! मी गेल्या वर्षी पेंडिंग असतानाच गेले की. जाऊबाई आजारी होत्या. आपण गेलो की अर्ज रद्द होतो, संपलं. अडवत कुणी नाही. आणि तुमची इथे राहायची मुदत तर एकवीसपर्यंत आहे, त्याच्या आत गेलात तर प्रश्नच नाही. व्हिसा दहा वर्षांचा असतो, पुन्हा हवं तेव्हा या."

"पक्कं?"

"पक्कं म्हणजे! पाच खेपा झाल्यात माझ्या."

त्र्यंबकरावांनीही मान हलवली. "बरोबर सांगून राहिल्या त्या. आमच्या व्याह्यांचं असंच झालं." मग आपण नेमकं काय सांगून बसलो ते लक्षात येऊन ते थर्मासचं झाकण लावायला लागले. साताऱ्याचं जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं. आणि सगळ्यांनी मिळून अहिल्याचं कौतुक केलं.

परतीच्या बसमध्ये शरयूताई खिडकीशी बसल्या. गाडी त्यांनी पायानं अडवून धरली होती, अहिल्या झोपली होती. मुलगा खोटं बोलला याचा त्यांना राग यायला हवा होता. पण त्यांना भलतंच काहीतरी आठवत होतं.

यशोधन इंजिनिअरिंगला होता तेव्हाची टूर. नाशिकच्या सरलाबाई म्हणून एक बाई होत्या. नवरा, दीर, जावा असा सगळा गोतावळा बरोबर. क्वालालंपूरला दुसऱ्या दिवशी त्यांना घरून फोन आला, की मुलीला आठव्या महिन्यातच दवाखान्यात ठेवलंय. नवरा म्हणाला, तिची सासू आहे तिथे, आपण जाऊन काय करणार? संध्याकाळी सरलाबाई लॉबीत एकट्या आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, माझा पासपोर्ट देता? मला एकटीला परत पाठवता येईल का?" पाठवता आलं असतं. तिकीट बदलायचं, विमानतळावर सोडायला माणूस द्यायचा, नवऱ्याशी वाद घालायचा, सगळ्या खोल्यांची वाटणी नव्यानं करायची. शरयूताई त्या दिवशी फार दमल्या होत्या. त्या गोड हसून म्हणाल्या, "अहो, आपला ग्रुप व्हिसा आहे. एकत्र आलो, एकत्रच बाहेर पडावं लागतं. सरकारचा नियम." ग्रुप व्हिसा वगैरे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मलाक्क्यात सगळे उतरले, सरलाबाई उतरल्या नाहीत. तीन तास बसमध्ये मांडीवर पर्स घेऊन बसून राहिल्या. त्यांना नातू झाला तेव्हा त्या सिंगापूरला पोपटांचे खेळ बघत होत्या.

आणि शरयूताईंनी घरी येऊन ही गोष्ट जेवताना सांगितली होती, आपण कसं हुशारीनं निभावलं म्हणून. त्यांचे यजमान, राजीव, हसले होते. यशोधनही हसला होता. आज बसच्या खिडकीत त्यांना त्या हुशारीची लाज वाटली, इतकी की गाल गरम झाले. सरलाबाईंचं आडनावसुद्धा आठवेना.

घरी पोचेपर्यंत त्यांनी मनाशी ठरवलं, की भांडायचं नाही. आपल्याला भांडायचा हक्क नाही. नुसता पासपोर्ट मागायचा.

शुक्रवारी यशोधन घरूनच काम करतो. सहाला त्याची शेवटची मीटिंग संपली आणि तो किचनमध्ये आला. यामिनी, सून, उंच खुर्चीत बसलेल्या अहिल्याला मऊ भात भरवत होती. बाहेर केव्हाच अंधार पडला होता.

"यशोधन, माझा पासपोर्ट दे."

"आत्ता? कशाला?"

"मला सोळाला जायचंय. मालिनीताई म्हणाल्या, पेंडिंग असताना जाता येतं."

त्यानं फ्रीज उघडला, काही न घेता बंद केला. "टेक्निकली येतं. बट आई, ते इतकं सिंपल नसतं."

"काय अवघड आहे?"

"पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये आहे. आज बँक क्लोज झाली."

"मग उद्या आण."

"आई, प्लीज. तू जरा समजून घे ना. यामिनीला नवीन जॉबला दोन महिने झालेत, प्रोबेशन आहे. डे-केअरला नंबर एप्रिलमध्ये लागतोय. माझ्या टीममधून मागच्या महिन्यात सहा जण काढले. उद्या मला काढलं तर साठ दिवसांत दुसरा जॉब नाहीतर बॅग भरा. हिनं सोडला आणि माझा गेला तर? मी काय करायचं होतं, सांग."

"विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"यशोधन," यामिनी म्हणाली. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला होता. "तू मला सांगितलंस आईंनाच राहायचंय. म्हणालास, त्यांनीच एक्स्टेन्शन करायला सांगितलं."

यशोधननं दोघींकडेही पाहिलं नाही. टेबलावर सांडलेला भाताचा एक दाणा तो बोटानं गोल गोल फिरवत बसला. लहानपणी चोरी पकडली गेली की तो असाच करायचा, कधी पेन्सिलचा तुकडा घेऊन, कधी खोडरबराचा भुगा. शरयूताईंना त्याचं वाईट वाटलं. चाळिशीला आलेलं पोर, केस विरळ झालेले, सहा वर्षांत पुण्याला एकदाही आलेलं नाही. त्याला तरी इथून कुठे हलता येत होतं? सरलाबाईंची गोष्ट त्याला सांगावी, म्हणावं, अरे, मीही असंच केलंय, हे मला कळतं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

पण ते बोलण्याआधी दुसरंच काहीतरी त्यांच्या डोक्यात शिरलं, आणि शिरलं ते हलेना.

"यशोधन, बाबा गेले तेव्हा काय पेंडिंग होतं?"

तो दाणा फिरवायचा थांबला.

राजीव चार वर्षांपूर्वी गेले. रविवारी पहाटे हृदयविकाराचा झटका आला, दुपारी संपलं. यशोधनला फोन केला तेव्हा तो ढसाढसा रडला होता आणि म्हणाला होता, "आई, माझं अॅप्लिकेशन पेंडिंग आहे. मला इथून बाहेर पडता येत नाहीये गं." अग्नी पुतण्यानं दिला. एका भाच्यानं फोन उंच धरला होता, त्यात यशोधन हात जोडून उभा होता, मधूनमधून चित्र अडकत होतं. तेरा दिवस जो येईल तो विचारत होता, मुलगा नाही आला? आणि शरयूताई प्रत्येकाला सांगत होत्या, अहो, सरकार सोडत नाही. ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्याशी त्या भांडल्या होत्या. चार वर्षं त्यांनी अमेरिकेच्या सरकारला मनातल्या मनात इतके तळतळाट दिले होते, की दुसरं एखादं सरकार असतं तर कोसळलंच असतं.

"काय होतं पेंडिंग?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"कंपनी बदलत होतो. नवा अर्ज टाकलेला." त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "आई, तेव्हा कोविडमुळे व्हिसाच्या अपॉइंटमेंट्सच मिळत नव्हत्या. माझ्या पासपोर्टवर नव्या व्हिसाचा शिक्का नव्हता. आलो असतो तर परत यायला किती महिने लागले असते माहीत नाही. लोक सहा-सहा महिने अडकले होते. जुना आणि नवा, दोन्ही जॉब गेले असते."

"पण येता आलं असतं."

अहिल्यानं भाताची वाटी ढकलली. यामिनीनं ती पडता पडता धरली.

"यशोधन. येता आलं असतं का?"

"हो," तो म्हणाला.

शरयूताईंना वाटलं, आता आपण रडू. पण रडू आलं नाही. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नोकरी गेली असती, सगळं गेलं असतं. त्यांनी स्वतःच कदाचित सांगितलं असतं, येऊ नकोस बाळा. पण ते सांगण्याचा हक्क त्यानं त्यांना दिला नव्हता. राजीवच्या जवळ बसून, कुठलाच दोष कुणाला न देता नुसतं रडायचं, तेही त्यानं त्यांना करू दिलं नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. रत्ना होती. तिकडे सकाळचे आठ वाजत आले असतील, हॉटेलवाला थांबला असेल. फोन वाजत राहिला. यशोधननं वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत इतकी भीती होती की ताईंना क्षणभर वाटलं, आपण फोन घेऊच नये. मग त्यांनी तो घेतला.

"बोल रत्ना."

"शरू, काय करू गं? तो माणूस लाइनवर आहे दुसऱ्या फोनवर."

"घाल माझं नाव. येतेय मी."

रत्ना काहीतरी आनंदानं ओरडली, ते सगळ्यांना ऐकू आलं. "पाच दिवसांचा रस्ता मला लिहून पाठव, उद्यापर्यंत!" एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. ज्या बातमीची पंधरा वर्षं वाट पाहिली ती ही. शरयूताईंना तिचा आनंद हवा होता आणि आता, या किचनमध्ये, तो कुठून आणायचा ते कळत नव्हतं.

यशोधन उठला, आतल्या खोलीत गेला. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. मिनिटभरात तो पासपोर्ट घेऊन बाहेर आला आणि त्यानं तो आईपुढे ठेवला. लॉकरबद्दल कुणी काही बोललं नाही.

"आई, सॉरी," यामिनी म्हणाली. ती रडत होती. "मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही जा. आम्ही बघू काहीतरी."

"तुझी काही चूक नाही गं," शरयूताई म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या. यामिनी बघणार म्हणजे काय बघणार, हे त्यांना ठाऊक होतं. सुट्ट्या संपतील, साहेब कुरकुरेल, कदाचित नोकरी जाईल. ते सगळं आपण त्या पोरीच्या डोक्यावर टाकून निघालोय, हेही त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी पासपोर्ट हातात घेतला.

"सोळाचं तिकीट महाग असेल, पण मिळेल," यशोधन म्हणाला. त्यानं घसा साफ केला. "आई, एप्रिलमध्ये अहिल्याचा पहिला बर्थडे आहे. तेव्हा येशील ना? टूर तर फेब्रुवारीतच संपतेय."

शरयूताईंनी पासपोर्ट उघडला. अमेरिकेच्या व्हिसाचं पान आपसूक उघडलं, त्यांचा गंभीर चेहऱ्याचा फोटो आणि खाली मुदत. अजून साडेआठ वर्षं शिल्लक होती. पान तसंच टेबलावर उघडं राहिलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "आता माझा अर्ज रद्द होणार ना. मग येता येतंय की नाही कुणास ठाऊक. पेपर्सचं बघावं लागेल."

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना ते लगेच परत घ्यावेसे वाटले. त्यांनी घेतले नाहीत.

यशोधन टेबलापलीकडे उभा होता. पासपोर्ट त्याच्याकडून उलटा दिसत होता, पण तारीख वाचता येत होती, आणि त्यानं ती वाचलेली ताईंनी पाहिली. त्यानं सावकाश मान हलवली.

"हो," तो म्हणाला. "पेपर्सचं बघावं लागेल."

मग तो तिकीट शोधायला आत गेला.